लंगडणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं नाही

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सोलापूरच्या पूर्व भागात एका परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, पांढरी घोडी पाहिली. पुढचा उजवा पाय जमिनीला टेकला की ती मान झटकन वर घ्यायची, डावा टेकला की मान खाली यायची. पाठीवर नवरदेव, त्याच्या मागं सात-आठ वर्षांचा करवला, पुढं डीजे. वेळ दुपारी बाराच्या पुढची. मी गर्दीतून वाट काढत लगाम धरलेल्या पोराजवळ गेलो आणि म्हणालो, "बाळा, घोडी पुढचा उजवा पाय धरतेय." तो म्हणाला, "माहितीय काका. पाय दुखावला होता म्हणून दोन महिने बांधूनच होती. अंग आखडलंय तिचं. थोडी चालून गरम झाली की मोकळी होते."

मला त्या पोराचा राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या घोडीबद्दल मी अगदी हेच, याच खात्रीनं लोकांना सांगत होतो. त्यातून काय झालं ते लग्नसराई भरात यायच्या आत लिहावं, म्हणून हे पत्र. घोडीवाल्यांनी वाचावंच, पण ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनीही वाचावं.

मी ५९ वर्षांचा आहे. ३१ वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर काम केलं. वडिलांचा टांगा होता, स्टेशनवर उभा असायचा. टांगे गेले, घोड्याची ओढ काही गेली नाही. नऊ वर्षांपूर्वी अकलूजच्या घोडेबाजारातून गौरी आणली. पांढरी, अंगानं हलकी, कानाची टोकं आत वळलेली, गर्दीला न बुजणारी. मुलगा आणि मी मिळून वरातीचं काम करतो. घरातला निम्मा खर्च तिच्या पाठीवर चालतो, हे आधीच सांगितलेलं बरं. मी काही हौसेखातर घोडी पाळणारा माणूस नाही.

दोन वर्षांपूर्वी माघात संध्याकाळच्या एका वरातीत रस्ता खोदून नुसता मातीनं बुजवलेला होता. तिथं गौरीचा पुढचा डावा पाय गुडघ्याच्या खालपर्यंत रुतला. तिनं झटका देऊन काढला, नवरदेव पडला नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रात्री काहीच दिसलं नाही. सकाळी चंदी, म्हणजे रोजचा दाणा, घेऊन गेलो तर ती तो पाय पुढं काढून नुसता टेकवून उभी. गुडघा आणि घोटा यांच्या मधल्या नळीच्या मागं केळ चिकटवल्यासारखा फुगवटा, आणि हात लावला तर गरम.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं. हाड, कातडी आणि मागून जाणाऱ्या दोरांसारख्या शिरा, एवढंच. आपण ज्याला शीर म्हणतो तिला डॉक्टर कंडरा म्हणतात. गुडघ्याच्या वरचं मांस ओढतं आणि ती ओढ या कंडरेतून खुरापर्यंत पोचते. घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त, साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यावर नवरदेव, खोगीर, झूल, दागिने. पाय वाकडा रुतून झटका बसला की हा दोर आतल्या आत तुटतो. सगळा तुटत नाही, काही धागे तुटतात.

गल्लीतल्या जाणत्यांनी डाग द्यायला सांगितलं. वडिलांच्या एका घोड्याच्या नळीवर तापलेल्या सळईचे आडवे डाग मी लहानपणी पाहिले होते, त्यामुळं मलाही ते पटत होतं. बायकोनं अडवलं. ती म्हणाली, "आधीच भाजल्यासारखं दुखतंय तिला, वरनं अजून भाजताय?" पुढं डॉक्टरांनी सांगितलं की इंग्लंडात यावर नीट संशोधन झालेलं आहे आणि डागण्यानं कंडरा लवकरही भरत नाही, चांगलीही भरत नाही. डागल्यावर जनावराला काही महिने सुट्टी मिळते, गुण त्या सुट्टीचा असतो.

आम्ही गार पाणी मारलं, दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं. ते बरोबर होतं. पट्टी बांधली ती मात्र चुकीची. जुन्या सुती साडीची पट्टी खाली कापूस न घालता आवळून बांधली. दोन दिवसांनी सोडली तर कातडीत वळ उठलेले. खाली कापसाचा जाड थर हवा, ताण सगळीकडं सारखा हवा, आणि चांगल्या पायालाही पट्टी हवी, कारण दुखऱ्या पायाचा भार तो उचलत असतो. हे नंतर कळलं.

दहा-बारा दिवसांत लंगडणं थांबलं. फुगवटाही बराच ओसरला. माझी फसगत झाली ती इथं. पाय बरा झाला असं मी धरून चाललो. तरी सावधगिरी म्हणून अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे जवळपास अडीच महिने, तिला दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडात बांधून ठेवली. बांधून ठेवणं म्हणजेच विश्रांती, असं माझं गणित. चंदीही रोजच्या इतकीच देत राहिलो, आजारी जनावराला खायला कमी का घालायचं म्हणून. खूर कापायला नालबंदांना बोलावलं नाही. काम नाही तर नालेचा खर्च कशाला?

अक्षय्य तृतीयेच्या दोन तारखा आधीच घेतल्या होत्या. आदल्या दिवशी शेडातून बाहेर काढली तर ती लाकडी घोड्यासारखी चालायला लागली. एक पाय दुखतो म्हणावं तर तसंही नाही, सगळंच अंग धरलेलं. मी त्या पोरासारखंच म्हणालो, आखडलीय, गरम झाली की सुटेल. ओळखीतल्या एकाकडून दुखणं थांबवायचं औषध आणलं आणि पाजलं. तासाभरात घोडी मोकळी. पहिला परण्या झाला, दुसरा झाला. दुसऱ्यात पोरांनी नाचवायचा आग्रह केला आणि मी नाचवली. नाचवणं म्हणजे पुढचे दोन्ही पाय उचलायला लावणं. उचलताना बघणाऱ्याला छान वाटतं. खाली येताना सगळं वजन त्याच पायांवर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळ्याच्या जागी पपई होती. पायाचा खूर जमिनीला लावत नव्हती. वैरण तशीच पडलेली.

त्या वेळी ओळखीतून एक पशुवैद्य डॉक्टर बाहेरगावाहून आले. त्यांच्याजवळ हातात मावेल एवढं सोनोग्राफीचं यंत्र होतं. नळीच्या मागचे केस भादरून, जेल लावून त्यांनी पडद्यावर कंडरा दाखवली. चांगल्या पायाची अगोदर दाखवली: पांढऱ्या बारीक रेघा, सगळ्या एका दिशेनं, जवळजवळ. मग डावा पाय. मधोमध काळा खड्डा. आजूबाजूच्या रेघा अर्धवट, आडव्यातिडव्या.

मी ३१ वर्षं मागावर काढलीत, मला ते एका क्षणात समजलं. चादरीचा ताणा हा असाच असतो, हजारो उभे धागे शेजारी-शेजारी, सगळ्यांवर ताण सारखा. त्यातले पन्नास तुटले आणि कुणी घाईत कसेही गुंतवून गाठी मारल्या, तर माग बंद असेपर्यंत काही कळत नाही. माग सुरू झाला की त्याच जागी परत तुटतं, आणि शेजारचे चांगले धागेही घेऊन जातं. डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. कंडरेला रक्त कमी पोचतं म्हणून ती सावकाश भरते. आधी जे भरतं ते कच्चं असतं, धागे वाटेल तसे पडलेले. ते सरळ एका दिशेला लागायला बेताचा, रोज थोडा वाढणारा ताण लागतो. बांधून ठेवलं तर धागे तसेच गुंतलेले राहतात, पळवलं तर तुटतात. दोन्हीच्या मधे चालवणं आहे. आणि वेळ किती? नऊ महिने ते वर्ष. लंगडणं थांबतं दोन आठवड्यांत, धागा जुळायला वर्ष लागतं. घोडीवाल्यांचा घात होतो तो या मधल्या काळात.

मग आमचं ते वर्ष सुरू झालं. सूज आणि ठणका उतरेपर्यंत पूर्ण आराम. त्यानंतर लगाम हातात धरून दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, सरळ वाटेनं, साध्या चालीनं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पाऊण तासावर आलो. परत सोनोग्राफी. खड्डा भरत आलेला दिसला, तेव्हा दुडकी चाल, तीही सुरुवातीला पाच मिनिटं. पाठीवर माणूस त्याच्याही नंतर. मुलगा कामावर जायच्या आधी पहाटे आणि मी संध्याकाळी, असं वाटून घेतलं. शेजारीपाजारी विचारायचे, "घोडीला फिरायला नेताय होय?" हो, फिरायलाच नेत होतो. तेच औषध होतं.

जमिनीचंही बघावं लागतं. आपल्याकडं एक तर सिमेंटचा रस्ता, नाहीतर काळी माती. सिमेंटवर टाप आदळते, त्याचा मार हाडांना आणि सांध्यांना बसतो. काळ्या मातीत, त्यातही पावसानंतर, पाय रुततो आणि उपसून काढताना कंडरेवरच ओढ येते. मऊ जमीन चांगली असं वाटतं, या दुखण्यात ती वाईट. आम्ही शेळगीच्या पुढं शेताकडं जाणारी दाबलेल्या मुरमाची वाट धरली. टणक, पण दगडासारखी नाही. सरळ जाणारी, कारण लहान गोलात फिरवलं की आतल्या पायावर भार वाढतो.

आता खरं दुखणं सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. ते सुरू झालं कंडरा भरत आल्यावर. आठव्या महिन्यात पाठीवर खोगीर चढवायला लागलो तेव्हा गौरी बदलली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की कान मागं पाडायची, शेपटी झाडायची, एकदा माझ्या दंडाला दात लावला. इतक्या वर्षांत कधी चावली नव्हती. चालायला लावली तर चार पावलांवर थांबायची. आठ महिने आयतं खाऊन माजली, असं मला लोक म्हणाले आणि माझ्याही मनात तेच आलं. एका संध्याकाळी मी तिला काठीनं मारलं. तीन फटके. ती हलली नाही, नुसती अंग आकसून उभी राहिली. ते आठवलं की आजही माझा हात जड होतो.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काठी ठेवा आणि बोटं वापरा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी, खांद्यामागून कंबरेपर्यंत, अंगठ्यानं सावकाश दाबत जा. खोगीर बसतं तिथं दाबलं आणि ती गुडघ्यात वाकली, पाठ खाली घेतली, जणू सुई टोचली. चांगल्या उजव्या पायाच्या खांद्यालाही दाबलं तर कातडी थरथरली. दुखत होती ती जुनी जखम नव्हतीच. आठ महिने डाव्या पायाला सांभाळत ती उजव्यावर रेलत होती, पाठ वाकडी धरून चालत होती. काम नसल्यानं पाठीचं मांस उतरलं होतं, त्यामुळं पूर्वी चपखल बसणारं आमचं लाकडी खोगीर आता थेट कण्याच्या कडेला टेकत होतं. आणि मी तिला काठी मारत होतो.

खोगीर बदललं. खाली घोंगडीच्या घड्या अशा घातल्या की भार दोन्ही बाजूंच्या मांसावर येईल आणि मधे कण्याला मोकळी पन्हळ राहील. तीन आठवडे पाठीवर काहीच ठेवलं नाही, पुन्हा नुसतं चालणं, हलक्या चढावर. पाठीला मांस धरलं तसा तिचा राग गेला. राग नव्हताच तो.

तेव्हापासून मी कामावर परतणाऱ्या घोड्याचं दुखणं वेगवेगळं ओळखायला शिकलो, आणि हे मला वडिलांनी अर्धं शिकवलेलं होतं, मी विसरलो होतो. बंद असला, स्टेशनवर टांगा जोडायचा नसला की वडील त्या दिवशी चंदी निम्मी करायचे. मी विचारायचो, का? ते म्हणायचे, "उभ्या घोड्याला दाणा चढतो." बांधून पूर्ण दाणा खाल्लेला घोडा एकदम कामाला जुंपला की मागच्या मांड्यांचं मांस लाकडासारखं कडक होतं, घाम फुटतो, पाऊल टाकवत नाही, लघवी चहासारखी तांबडी होते. अशा वेळी चालवून मोकळं करायला जाऊ नये. जिथं आहे तिथं उभं करावं, पाणी द्यावं, डॉक्टरांना बोलवावं. चालवल्यानं मांस आणखी फाटतं आणि ते मूत्रपिंडात जाऊन बसतं. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी गौरी लाकडासारखी चालत होती, त्यात माझ्या भरल्या चंदीचाही हात असणार. आता तिला काम नसेल तेव्हा कडबा आणि थोडा घास, हरभरा मूठभर.

साधं अंग दुखणं वेगळं. बऱ्याच दिवसांनी आपण विहीर उपसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड दुखतात, तसं ते. दोन्ही बाजूंना सारखं असतं, पायात ऊब नसते, सूज नसते, एक-दोन दिवस हलकं चालवलं की कमी होत जातं. त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त काम वाढवायचं थांबवायचं. पण दुखणं एकाच पायात असेल, तिथं ऊब असेल, किंवा कामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल, तर ती जुनी जखम हाक मारतेय. चालून गरम झाल्यावर सुटतं यावर तर अजिबात जाऊ नये. कच्ची कंडराही गरम झाल्यावर सुटल्यासारखी वाटते. रविवारच्या त्या पोराला मला हेच सांगायचं होतं, डीजेत जमलं नाही.

मी रोज पहाटे, शेण काढायच्या आधी, हाताच्या उलट्या बाजूनं चारही नळ्या चाचपतो. पहाटेच, कारण उन्हाळ्यात दुपारी सगळेच पाय गरम लागतात. मग एकेक पुढचा पाय उचलून, अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत कंडरा धरून वरून खाली येतो. दोन्ही पायांत फरक लागला, कुठं जाड लागली, कुठं तिनं पाय ओढून घेतला, तर त्या दिवशी काम नाही. घोट्याच्या मागं दोन्ही बाजूंना नाडी असते. एरवी ती शोधावी लागते. ठसठशीत उडत असेल तर खुरात काहीतरी चाललंय. दुखऱ्या पायाचा भार घेऊन-घेऊन चांगल्या पायाचा खूर आतून सुजतो आणि घोडा त्यानंच कायमचा जातो, म्हणून चांगल्या पायाची नाडी आधी बघायची. शेवटी मुलगा टणक जमिनीवर सरळ रेषेत तिला दुडकी चालवतो आणि मी समोरून मोबाईलवर चित्रण करून सावकाश चालवून बघतो. मान सारखी हलतेय का? दुखऱ्या पुढच्या पायावर भार येतो तेव्हा मान वर जाते. डोळ्याला न दिसणारं त्यात दिसतं. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात.

नालबंदांना दर सहा आठवड्यांनी बोलावतो, काम असो वा नसो. खुराचं पुढचं टोक वाढलं की पाऊल उचलताना मागच्या कंडरेवर ताण येतो. अडीच महिने मी ते वाढू दिलं होतं, म्हणजे ज्या दोराला विश्रांती देत होतो त्यालाच रोज ओढत होतो.

औषधाबद्दल एकच. दुखणं थांबवायची औषधं डॉक्टरांनीही दिली, सुरुवातीच्या दिवसांत, सूज उतरावी म्हणून. काम करून घेण्यासाठी दिली नाहीत. फिनाईलब्युटाझोनसारखं औषध जास्त दिलं तर पोटात फोड येतात, मूत्रपिंडाला मार बसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे घोड्याला स्वतःचा पाय सांभाळायची अक्कल राहत नाही. दुखतंय म्हणूनच तो पाय जपतो. वरातीच्या सकाळी गोळी देऊन घोडी उभी करणाऱ्याला ती तिथंच मोडून पडण्याची तयारी ठेवावी लागेल. माणसांचं डायक्लोफेनॅक आणून जनावराला टोचणारेही मी पाहिलेत. जनावरांसाठी ते २००६ सालीच बंद झालंय. असं औषध दिलेल्या मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं संपली.

आता लग्नघरांना विनंती. परण्या मांडवातून मारुतीपर्यंत आणि परत, एवढाच पुरे असतो. वरात तीन तास एका चौकात थांबवून ठेवता तेव्हा घोडी चालत नसते, पाठीवर माणूस घेऊन सिमेंटवर उभी असते, आणि ते चालण्यापेक्षा जड जातं. डीजे थांबला की नवरदेवानं खाली उतरावं, पाच मिनिटं. करवल्याचा फोटो उभ्या घोडीवर काढा आणि त्याला उतरवा. नाचवायचा आग्रह धरू नका, आणि घोडीवाला नाही म्हणाला तर त्याला माजलाय म्हणू नका. ठरवताना पैसे विचारता, तसं एकदा विचारा: घोडी अलीकडं आजारी, जखमी होती का? तिला बाहेर काढून चालवून दाखवा म्हणा. मान हलतेय का, हे कुणालाही दिसतं.

कायदाही आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, जखमेनं किंवा दुखण्यानं कामाला लायक नसलेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांत ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी लिहिलंय की ३७ अंशांच्या वर तापमान असेल तर दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो. आणि आपले मुहूर्त बारा पस्तीसचे. नवरदेव ओझ्यात धरायचा की नाही हे वकील सांगतील, घोडीच्या पाठीला तो ओझंच असतो. परण्या सकाळी दहाला काढला तर मुहूर्त काही चुकत नाही.

प्रशासनाकडं मागणं लहान आहे. गाय, म्हैस, घोडा यांच्या पायासाठी चालेल असं सोनोग्राफीचं यंत्र आणि ते वाचता येणारे डॉक्टर सोलापुरात आठवड्यातून एक दिवस ठरलेल्या वेळी मिळावेत. जवळची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत ती उदगीरला आणि शिरवळला. दुखऱ्या पायाची घोडी टेम्पोत उभी करून तेवढा प्रवास करायचा म्हणजे पायाला आणखी मार. यंत्र नसतं तर मी त्या काळ्या खड्ड्यावर विश्वास ठेवला नसता, सांगूनही नसता ठेवला.

आषाढात आपल्याच जिल्ह्यात, सदाशिवनगरला, खुडूसला, माउलींच्या अश्वाचं रिंगण होतं. अश्व दौडत गेला की लोक धावत जाऊन टापांखालची माती कपाळाला लावतात. मीही लावली आहे. बाळ्याच्या खंडोबाला जाताना घोडा दिसला की हात जोडले जातात. त्याच आपल्या हातांनी वरातीत घोडीच्या मागच्या पायाजवळ फटाके लावतो, हे मला अजून समजलेलं नाही.

गौरी गेल्या माघापासून कामावर आहे. दिवसाला एकच परण्या, दुसरा कितीही पैशाला नाही. नाचत नाही. डाव्या नळीमागं हात फिरवला तर एका जागी अजून थोडं जाड लागतं, ते आता तसंच राहणार. त्या वर्षाची कमाई बुडाली, बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, त्या सोडवतोय. एकट्या घराला वर्षभराची सुट्टी परवडत नाही, म्हणूनच लोक गोळी देऊन घोडी उभी करतात, हे मला मान्य आहे. म्हणून आमच्या भागातल्या चार घोडीवाल्यांनी आपसात ठरवलंय: एकाची घोडी जायबंदी झाली तर त्यानं घेतलेल्या तारखा बाकीच्यांच्या घोड्यांनी करायच्या आणि पैसे निम्मे त्या घराला द्यायचे.

रविवारच्या त्या पोराला मी बुधवारी शोधून काढलं. त्याच्या शेडात बसून दोघांनी घोडीचा उजवा पाय चाचपला. मी त्याचा अंगठा धरून त्या जागेवर ठेवला. त्याला लागलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "काका, महिन्याभरात दोन तारखा आहेत, आगाऊ पैसे खर्च झालेत." त्या दोन्ही तारखा गौरी करणार आहे. ज्यांच्या दारात ठरवलेल्या घोडीऐवजी दुसरी, न नाचणारी घोडी येईल, त्या दोन घरांनी पैसे कापू नयेत, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक घोडीवाला आणि जुना माग कामगार
पूर्व भाग, सोलापूर